हौसाक्काचा दोर

निंबसरच्या तळ्याला अजून दगडी काठ नव्हता, आणि आज चौकात मिशा पिळत फिरणाऱ्यांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याशेजारी एक बाग होती. राजाची नाही, देवळाची नाही, गावाची. कुणीही यावं, सावलीत बसावं. या बागेची सगळी मशागत हौसाक्का करायची.

हौसाक्का अंगाने बुटकी, पण आवाज असा की तळ्याच्या या काठावरून तिने शिवी हासडली तर पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहायची, असं म्हणतात.

पावसाळा सरला की ती तण उपटायची. थंडीत पानं गळाली की ती जाळू द्यायची नाही, खड्ड्यात पुरायची. ऊन तापायला लागलं की झाडाझाडाभोवती आळी करायची. आणि मृग तोंडावर आला की काष्टा घट्ट खोचून, कमरेला कोयता अडकवून झाडांवर चढायची. कोयत्याच्या पाठीने फांदीवर ठोकायची आणि कान लावायची. जिवंत फांदी ठक्क वाजते, आतून मेलेली रिकाम्या रांजणासारखी घुमते. अशी मेलेली फांदी ती दोराला बांधून खाली उतरवायची, झोपलेलं पोर खांद्यावरून उतरवावं तशी. खालचं गवतही मोडायचं नाही, असं म्हणतात.

गावातल्या वडीलधाऱ्यांना याचं कौतुक होतं? छे. बाईमाणूस झाडावर चढतं याचीच त्यांना लाज वाटायची. स्वतः सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून असायचे, त्याची मात्र कधी वाटली नाही.

बसायचे कुठे? बागेतल्या सगळ्यात मोठ्या शिरीषाखालच्या कट्ट्यावर. त्या शिरीषाची एक आडवी फांदी अख्ख्या कट्ट्यावर छपरासारखी पसरली होती. एका उन्हाळ्यात हौसाक्काने तिच्यावर कोयता ठोकला. फांदी घुमली.

ती खाली उतरली आणि म्हणाली, "उठा समदी. ही फांदी पोखरलीया. उतरवायला पायजे."

कट्ट्यावर सगळ्यात वडील होते दाजिबा शेटे. त्यांनी वर बघायची तसदीही घेतली नाही. "हिरवीगार हाय की गं ती, हौसे."

"वरनं हिरवी हाय, आबा. आतनं भुगा झालाय."

"आन् सावलीचं काय? आमी काय उन्हात बसू? फुडल्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्यांना झाडाची माया होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना बूड हलवायचं नव्हतं, एवढंच.

मग एक दुपार अशी आली की झाडाचं पान हलेना. तळ्यावरचे बगळे उठून गेले. पश्चिमेला आभाळ विटेच्या रंगाचं झालं. हौसाक्काला कळलं की आज वारा येणार आणि आज ती फांदी राहत नाही. ती धावत कट्ट्याशी आली.

"उठा! आज सांगत न्हाई, पाया पडते. उठा!"

"बघा, आज पाया पडायला लागली," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दाजिबांनी पानाला चुना लावायला घेतला.

त्यांच्या डोक्यावर फांदी तोडता येईना. ओढून उठवावं, तर बाईने अंगाला हात लावला म्हणून निराळा तंटा. त्यांना तसंच सोडून ती घरी गेली असती, तर मी तरी तिला दोष दिला नसता. पण ती गेली नाही. तिने विहिरीवरचा मोटेचा जाड दोर काढून आणला. झाडावर चढून फांदीला फास टाकला, दोर वरच्या बेचक्यातून घेतला, खाली उतरून टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि टाचा रोवून उभी राहिली.

वारा आला. पाऊस नव्हताच, नुसती धूळ आणि वारा. फांदी काड्कन मोडली आणि खाली आली, आणि म्हाताऱ्यांच्या पागोट्यांना पानं टेकली तिथे अधांतरी थांबली. चार बैलांना हलली नसती अशी ती फांदी एकट्या बाईने तोलून धरली, असं म्हणतात.

"उठा आता तरी!" हौसाक्का ओरडली.

आणि ते काय करत होते, ऐका. मान कुणाचा, यावर त्यांची बोलणी चालली होती.

"दाजिबा, आधी तुमी."

"छ्या छ्या. पाव्हणं हायेत. आधी पाव्हणं."

"तुमच्या आधी कसा उठू? वडील तुमी."

"माझी पानाची चंची कुठाय? चंची गावल्याबिगर मी न्हाई उठत."

इकडे हौसाक्काचे पाय घोट्यापर्यंत मातीत रुतले. मग पोटऱ्यांपर्यंत. मग गुडघ्यांपर्यंत. हातातून रक्त दोरावर उतरलं. तिने शिव्याही थांबवल्या, सगळा दम दोरात घातला. शेवटी चंची सापडली, मानपान उरकले, एकेक जण कण्हत उठून बाजूला झाला. शेवटचं पाऊल सावलीबाहेर पडलं तेव्हाच तिने दोर सोडला. कट्ट्याचा चुराडा झाला.

धूळ बसल्यावर लोकांनी पाहिलं, तर दोर होता, हौसाक्का नव्हती. होते फक्त तिच्या पायांचे दोन खड्डे. पावसाळ्यात त्या खड्ड्यांतून शिरीषाची दोन रोपं वर आली. आजही ती झाडं शेजारी शेजारी उभी आहेत आणि कुठल्याच वादळात त्यांची फांदी मोडली नाही.

त्या म्हाताऱ्यांनी मात्र मरेपर्यंत गावभर सांगितलं, "आमीबी दोर धरला हुता." साफ खोटं. दोरावर रक्त एकाच बाईच्या हातांचं होतं.

म्हणून निंबसरमध्ये अजून एक रीत आहे. मृगाच्या आधी एक दिवस बाग छाटणीसाठी बंद होते. एक जण कोयत्याची पाठ बुंध्यावर ठोकतो आणि ओरडतो, "हौसाक्का आली!" की बाकांवरच्या सगळ्यांनी उठायचं. "आधी तुम्ही" म्हणायचं नाही. पुढच्या वर्षीचं नावही काढायचं नाही. आणि मेलेल्या फांद्या उतरवताना दोराचं टोक गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्यांनी धरायचं, तरण्यांनी नाही.

संध्याकाळी ते म्हातारे पारावर बसून एकमेकांना सोललेले तळहात दाखवतात आणि म्हणतात, "आम्हीपण दोर धरला होता."

वर्षातला तेवढा एक दिवस ते खरं बोलतात.