एकोणतीस पावलं

“...पण यात आमचं चुकलं कुठं, एवढंच सांगा मला, बाबा?”

शार्दूल पाटलानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. पाटलाच्या पोराला एकच गोष्ट तीनदा विचारायची सवय नसते. आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बुढणबाबा लसूण सोलत होते. एक पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली.

बाबा म्हणजे आंबेसावळीच्या माळावरचे फकीर. मुलाण्याच्या घरात जन्मले, पन्नाशी गाठल्यावर घरदार पोराच्या हवाली केलं आणि पिराच्या थडग्याशेजारच्या या एका खोलीत येऊन राहिले. शार्दूल पाळण्यात होता तेव्हा त्याच्या दंडाला पहिला ताईत यांनीच बांधला. पुण्याला शिकायला होता ती सहा वर्षं सोडली, तर एक गुरुवार त्यानं चुकवलेला नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, आत येऊन पोत्यावर बसायचं, बाबा देतील तो कोरा चहा प्यायचा. पाटलानं फकिराच्या पायाशी बसावं, याचा त्याला कोण अभिमान. चारचौघांत सांगायचाही.

आज गुरुवार नव्हता. आज काम होतं.

पस्तीस वर्षांत आंबेसावळीत सरपंचपदासाठी कधी मतदान झालं नव्हतं. सगळं बिनविरोध. शेजारच्या गावांत निवडणुका आल्या की डोकी फुटायची, सख्खे भाऊ बांधावर बोलेनासे व्हायचे. आंबेसावळीत शिंकसुद्धा नाही. वेशीवर कमान होती आणि कमानीवर ‘बिनविरोध गाव’ अशी अक्षरं होती. पुण्याहून परत आल्यावर शार्दूलनं ती स्वतः उभं राहून नव्यानं रंगवून घेतली होती. एका अक्षराचा काना वाकडा आला म्हणून दोनदा खरवडायला लावला होता.

यंदा सरपंच म्हणून त्याचंच नाव ठरलं होतं. आणि खालच्या आळीतल्या द्वारका अवघडेनं त्याच्यासमोर अर्ज भरला.

ब्लाउज शिवणारी बाई. बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ. आबासाहेबांनी, म्हणजे शार्दूलच्या वडिलांनी, तिला घरी बोलावून घेतलं. आली, अंगणापल्याडच्या चिंचेखाली उभी राहिली, ‘अर्ज भरलाय तो राहू द्या’ म्हणाली आणि गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. शार्दूलला ते फार लागलं होतं.

अर्ज मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत होती. द्वारका गावात ऐकत असेल तर एका बाबांचं. दर शुक्रवारी ती त्यांना भाकरी आणून देई. बाबांनी तिला एक शब्द टाकावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

“मला राजकारण कळत नाही, बाबा. नको आहे मला ते आमच्या गावात. आम्ही सगळे एक आहोत.”

बाबांनी आणखी एक पाकळी सोलली.

मग तोच बोलत राहिला. पुण्यात एका खोलीत आम्ही पाच जण होतो, पाच तऱ्हेचे, एका ताटात जेवलो, असं सांगितलं. आपण जात मानत नाही, हेही सांगितलं. आयुष्यात कधी कुणाला जात विचारली नाही.

“तुला कुणी विचारली?”

शार्दूलला हसू आलं. “मला कोण विचारणार?”

बाबांनीही मान डोलावली. हो, तेही खरंच, अशी.

...

“सरपंच ठरवायची बैठक कशी होते रे तुमच्याकडे? मला येऊन फार वर्षं झाली.”

हे विचारलं आणि शार्दूलचा चेहराच खुलला. त्याच्या घरातली ही एक गोष्ट त्याला देवघरापेक्षा जास्त प्यारी होती. त्यानं सगळं नीट सांगितलं. आत सोप्यावर जाजम, त्यावर आबा आणि भावकीतले चार म्हातारे. पायऱ्यांवर बाकीची भावकी. अंगणात माळी, धनगर, सुतार. अंगणापल्याड चिंचेखाली खालची आळी आणि मुलाण्याची घरं. जो तो आपापल्या जागी आपणहून जातो, कुणी सांगावं लागत नाही. फाटक कधी लावलेलं नाही. कुणाला येऊ नको म्हटलेलं नाही. आबा नाव सांगतात, कोणाची हरकत आहे का म्हणून विचारतात, थोडा वेळ थांबतात. मग मांडीवर थाप मारतात की झालं.

“पस्तीस वर्षांत एक हात वर झालेला नाही, बाबा. एकसुद्धा.”

“आबा ओरडून विचारतात?”

“छे. आबांचा आवाज उभ्या जन्मात चढलेला नाही. आमच्या घराण्यात आवाज चढवायची रीतच नाही.”

हे सांगताना तो जरा ताठ बसला.

बाबांनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं. हात धोतराला पुसले.

“बरं. काय सांगायचं ते द्वारकाला मी सांगतो.”

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. तो पाया पडायला वाकला, तर बाबांनी त्याचा खांदा धरला आणि त्याच्याच आधारानं उठले.

“पण ते आधी तुझ्या-माझ्यात ठरू दे. गावाचं ठरतं, अगदी तसंच. चल.”

आणि उंबऱ्यापासून पावलं मोजत चालू लागले. एक, दोन, तीन... म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते, पण मोजणी स्पष्ट होती. चपला घालायला शार्दूलला सवडच मिळाली नाही. रांजण मागे पडला. लिंबाची सावली मागे पडली. एकोणतिसाव्या पावलाला बाबा उघड्या माळावर थांबले.

“इथं उभा राहा.”

“एवढ्या लांब?”

“तुमच्या जाजमापासून तुमची चिंच. फकीर व्हायच्या आधी वर्षानुवर्षं उभा राहिलोय मी तिथं, चपला हातात घेऊन. पावलं चुकायची नाहीत माझी.”

म्हातारा हे मोठ्या ऐटीत बोलला. शार्दूल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबा कधीकाळी चिंचेखाली उभे असतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाबा परत गेले. खोलीच्या सावलीत पोतं झटकलं, अंथरलं, त्यावर मांडी घालून बसले. पाठ सरळ केली. अगदी आबांसारखी.

मग त्यांचे ओठ हलले.

शार्दूलनं कान दिला. माळावर वारा होता, लांब कुठंतरी बकरी ओरडत होती. बाबांचं काही ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात, बाबा?”

बाबांचे ओठ हलतच होते. तो दोन पावलं पुढं आला, तर त्यांनी तळहात दाखवला. तिथंच. तो पुन्हा मागे सरला.

पायाखालची जमीन पोळत होती. एक पाय उचलावा, तो टेकावा, दुसरा उचलावा. ओरडून विचारावं असं मनात आलं, अगदी घशापर्यंत आलं. पण पाटलाच्या पोरानं भर दुपारी माळावर उभं राहून ओरडायचं? खाली रस्त्यानं माणसं जात होती. कुणी ऐकलं तर काय म्हणेल? आणि बाबा काही परके नव्हते. जे ठरवतील ते आपल्या भल्याचंच ठरवतील, असं त्यानं मनाला समजावलं.

समजावलं खरं, पण त्याला रागही आला. समोर आपलंच काही ठरत होतं आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. असा राग त्याला कधी आला नव्हता. त्याचं काय करायचं तेही त्याला समजेना.

बाबांनी भुवया उंचावून त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ थांबले...

शार्दूल गप्प उभा राहिला.

बाबांनी मांडीवर थाप मारली. मग हात हलवून त्याला बोलावलं.

तो जवळजवळ धावतच सावलीत आला. तळपाय लालबुंद झाले होते.

“ठरलं?”

“ठरलं. एकमतानं.”

“मग द्वारकाला निरोप कधी धाडताय?”

“धाडतो की. उद्या तीनच्या आत शार्दूल पाटील आपला अर्ज मागे घेणार, म्हणून कळवतो.”

...

बकरीचं ओरडणं थांबलं होतं. शार्दूलच्या तोंडून शब्द फुटला तो एवढा मोठा, की त्याचा त्यालाच दचका बसला. घराण्यात कुणाचा चढला नसेल असा त्याचा आवाज चढला होता.

“मी हो कधी म्हणालो? मला एक अक्षर ऐकू आलं नाही, बाबा! मी याला हो कधी म्हणालो?”

बाबांनी लसणाचं ताट पुढं ओढलं आणि एक पाकळी उचलली.

“‘नाही’ तरी कुठं म्हणालास?”