कोंडाबाईनं बसायचं कुठे?

निळ्या टेकडीच्या पायथ्याशी एक बाग होती. काय तिचा थाट! गुलाबी कमळांचं तळं, मोरपंखी कारंजं आणि चिमुकल्या सोनेरी घुंगरांसारखी डुलणारी बहाव्याची फुलं. बागेत बारा बाक होते, दुधासारखे पांढरेशुभ्र. त्यांच्यावर कोण बसायचं? नगरशेट आणि त्यांचे पाहुणे. त्यांच्यावरची पाखरांची घाण कोण पुसायचं? कोंडाबाई. मग कोंडाबाईनं बसायचं कुठे? कुठेच नाही!

कोंडाबाई पहाटेपासून बाग झाडायची. तिचा गुडघा असा सुजला होता, की खाली मातीवर बसली तर उठताच येत नसे. एका दुपारी ती बाकाच्या अगदी कडेला टेकली, फुलावर पाकोळी टेकावी तशी.

"ए कोंडाबाई, ऊठ, ऊठ!" पहारेकरी दौलतकाका धावत आला. "बाक मळेल!"

"तिनंच तर पुसलाय!" कोंडाबाईची लेक सारजा ओरडली. "आज सकाळी! दोनदा!"

"सारजे, गप," म्हणत कोंडाबाई उठली. उठताना तिच्या तोंडून बारीकसं 'आई गं' निघालं, ते सारजाच्या मनात काट्यासारखं रुतलं.

सारजा तरातरा बागेच्या टोकाला गेली. तिथे वादळात पडलेलं शिवणीचं झाड होतं. त्याच्याखाली काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर एक इवलीशी परी! तिचा जांभळट चंदेरी पंख सालीत अडकला होता. सारजाचा राग अजून उतरला नव्हता, तरी तिनं एकेक धागा सुटावा तसा तो पंख हलकेच सोडवला.

"मी या झाडाची परी," ती किणकिणली. "तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. तयार वस्तू मागायची नाही, ती घडवायचं सामान मात्र चालेल; आणि एकटीपुरतं काही मागायचं नाही."

"हे बरंय!" सारजाचं नाक लालबुंद झालं. "शेटजींना बारा बाक तयार मिळतात, आणि आम्ही मागितलं की लगेच नियम!"

परीनं मान खाली घातली. "ते बाकही कुणीतरी घाम गाळूनच केलेत गं. ज्यांनी केले त्यांनाही तिथे बसू देत नाहीत. म्हणून म्हणते, तुझा बाक तू कर. त्यावरून तुला कोण उठवेल?"

"उठवतील," सारजा म्हणाली. "पण बघतेच मी. पहिली इच्छा, लाकूड आणि हत्यारं दे. दुसरी, मला आणि माझ्या दोस्तांना शिकव."

दोस्त म्हणजे कल्हईवाल्याचा हुसेन आणि फुलवाल्या आजीची नात बायडी. दुसऱ्या दिवसापासून तिघांची करवत खरखरू लागली. रंध्यातून मधासारखे पिवळे, कुरळे पापुद्रे निघत, आणि बायडी ते केसांत माळी.

"जोर नको रे लावू," परी हुसेनच्या मनगटावर बसून सांगे. "करवतीला दात आहेत ना? तिचं तिला खाऊ दे."

पायांचं माप ठरलं दोन वीत. हुसेननं आपल्या वितीनं दोन पाय कापले, बायडीनं आपल्या चिमुकल्या वितीनं एक, सारजानं आपल्या वितीनं एक. बाक उभा केला, तर तो नाचायलाच लागला!

"हा पाय जरा कापू," बायडी म्हणाली. मग तो तिरका झाला. मग दुसरा कापला. मग तिसरा. कापता कापता बाक घोट्याएवढा उरला.

"अरे, हा तर जेवायचा पाट झाला!" हुसेन हसून हसून गवतावर लोळला.

सारजाला हसू आलं नाही. "यावरून आईला उठता येईल का?" ती म्हणाली. हुसेन उठून बसला.

"एक इच्छा उरलीय," परी म्हणाली. "पाय लांब करू?"

"नको. चूक आमची आहे, आम्हीच निस्तरू." सारजानं एक काठी घेतली, आईच्या पायाशी उभी धरली आणि गुडघ्यापाशी खूण केली. "आता सगळ्यांनी या काठीनंच मोजायचं."

आठ दिवसांनी तळ्याकाठी नवा बाक उभा राहिला. गुळगुळीत, भक्कम. कोंडाबाई त्यावर बसली. पाठ टेकली. तिनं डोळे मिटले.

तेवढ्यात दौलतकाका आला. मागून झुपकेदार पगडी सावरत नगरशेट आले. "माझ्या बागेत हे काय? उचल, फेकून दे!"

"बेडूक कर त्यांना!" हुसेन परीच्या कानात कुजबुजला. "हिरवा! चिकट!"

सारजालाही तेच हवं होतं. अगदी मनापासून. पण बाकाला हात घालणाऱ्या दौलतकाकाच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. दिवसभर उभं राहून तेही आईच्या गुडघ्यासारखेच सुजले होते.

"परी, या बाकाला मुळं फुटू दे," ती म्हणाली. "आणि जो दमून येईल त्याच्यापुरती जागा यात वाढत राहू दे."

बाकाचे पाय सळसळत मातीत शिरले. दौलतकाकानं ओढलं, ढकललं. बाक तसूभरही हलेना. तो धापा टाकत थांबला.

"काका, बसा ना," सारजा म्हणाली. "कधीपासून उभे आहात!"

फळी हळूच लांबली. दौलतकाकानं शेटजींकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, आणि बसला. मग माळी आले. पाणक्या आला. फुलवाल्या आजी टोपली घेऊन आल्या. बाक वाढत वाढत तळ्याला वळसा घालून गेला, आणि त्याच्या कडेकडेनं कोवळी पोपटी पानं फुटली.

"तुझी जागा तू सगळ्यांना दिलीस," परी म्हणाली. "आता हा बाक कुणाच्या हुकमानं उठायचा नाही." तिच्या पंखांतून केशरी, निळा, चंदेरी उजेड उसळला, तळंभर पसरला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

कोंडाबाई जरा सरकली. "या शेटजी, बसा."

जागा होती. पण ती झाडूवालीच्या शेजारी होती. म्हणून शेटजी उभेच राहिले. अजूनही उभे असतील तर असोत बापडे, त्यांना कुणी बसू नका म्हटलेलं नाही!