ठकूनं काय वाटलं?

"पिठाशिवाय नानकटाई! परवा दुपारच्या फराळाला तबक भरून हवी. नाही जमलं, तर भट्टीवर घागरभर पाणी ओता आणि मोकळे व्हा!"

सोनखडकच्या हैबतराव महाराजांचा हा हुकूम ऐकून सखोबा भट्टीवाला मटकन खालीच बसला. त्याच्या आज्यानं पेटवलेली भट्टी आजवर एकदाही विझली नव्हती. आता ती विझणार, आणि तीही महाराजांच्या मिशांपायी!

झालं होतं असं. तीन दिवसांपूर्वी नानकटाई खाताना महाराजांच्या भरघोस मिशांत भुगा अडकला. समोर बसलेले व्याही खो खो हसत म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही राज्य करता की दळण दळता?" महाराजांचा पारा चढला. "आजपासून या वाड्यात पिठाचा कण शिरता कामा नये!" बोलून तर बसले. आता शब्द मागं घेववेना आणि नानकटाईवाचून राहवेना.

सखोबाची मुलगी ठकू बापासोबत आली होती. ती पुढं झाली. "महाराज, पीठ म्हणजे नेमकं कोणतं? गव्हाचं, की बेसनसुद्धा?"

"जात्यातून पडतं ते पीठ!" महाराज गरजले. "गव्हाचं असो, हरभऱ्याचं असो, नाहीतर मोत्यांचं असो!"

ठकूनं ते वाक्य पक्कं लक्षात ठेवलं. देवडीवर राणोजी पहारेकरी भाल्याला टेकून उभा होता. "पोरी, भाकरी बंद झाल्यापासून नुसती आमटी पितोय गं," तो कुजबुजला. "महाराजांचं साखरभातावर भागतंय. आम्हाला कोण विचारतंय?" पीठबंदीत त्याला भाकरी तरी कशी आणून द्यायची! ठकूला फार वाईट वाटलं.

घरी येऊन पाहते तो कारभारी आबाजीपंत हजर! हुकूम एक हात असला, तर तो दीड हात पाळायचा, ही त्यांची खोड. त्यांनी दोन गडी लावून सखोबाचं जातं उचललं आणि थेट आपल्या अंगणात नेऊन ठेवलं.

"संपलं सगळं," सखोबा म्हणाला.

"संपलं कसं, बाबा? पाटा-वरवंटा तर ठेवून गेले!"

ठकूनं चवळी भिजवली, मऊ शिजवली, पाणी निथळून काढलं आणि पाट्यावर लोण्यासारखी वाटली. तूप, गूळ, वेलदोडा घालून गोळे भट्टीत लावले. निघालं काय? गोवऱ्या थापाव्यात तसं पसरट, चिकट काहीतरी!

"हे महाराजांपुढं ठेवलंस, तर भट्टीबरोबर मलाही विझवतील!" सखोबा कळवळला.

ठकू हिरमुसली खरी, पण घटकाभरच. "बाबा, पुरण कधी झालं म्हणतो आपण?"

"उलथनं उभं राहिलं की."

"मग इथं ते आडवंच पडलं असतं!"

तिनं नवं वाटण कढईत घातलं आणि हात भरून येईस्तोवर परतलं. उलथनं शिपायासारखं ताठ उभं राहिलं, तेव्हाच गोळे वळले. या वेळी भट्टीतून तांबूस नानकटाया निघाल्या. वरून खरपूस, आतून मऊ. सखोबानं एक तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

ठरल्या दुपारी बापासोबत जाऊन ठकूनं महाराजांपुढं तबक ठेवलं. तबकात मोजून सहा नानकटाया! महाराजांनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. सहावी संपल्यावर मिशांवरून हात फिरवला. भुग्याचा कणही नव्हता!

आबाजीपंत मात्र उसळले. "पिठाशिवाय अशी नानकटाई होणंच शक्य नाही! हिनं लपूनछपून दळलंय!"

"कशात दळणार, कारभारीसाहेब? आमचं जातं तर तुमच्या अंगणात आहे!"

दरबारात खसखस पिकली. महाराज पुढं झुकले. "मग केलंस तरी काय?"

"वाटलं, महाराज."

"काय वाटलं तुला?"

"चवळी."

"अगं, तुला काय वाटलं ते नको सांगू, केलंस काय ते सांग!"

"तेच सांगते, महाराज! चवळी पाट्यावर वाटली. जात्यातून पडतं ते पीठ, हा तुमचाच शब्द. पाट्यावर होतं ते वाटण!"

"दळलं काय आणि वाटलं काय, एकच!" आबाजीपंत ओरडले.

"एकच? मग साहेब, तुमच्या घरी खोबऱ्याच्या चटणीला खोबऱ्याचं पीठ म्हणतात का?"

महाराज गालात हसले, पण लगेच त्यांची नजर रिकाम्या तबकाकडं गेली. "तबक भरून सांगितल्या होत्या. बाकीच्या कुठं आहेत?"

"त्याही वाटल्या, महाराज."

"काय! भाजलेल्या नानकटाया पुन्हा पाट्यावर वाटल्यास?"

"पाट्यावर नाही, महाराज. देवडीवर वाटल्या. पाच दिवस भाकरी बंद आहे. राणोजी आणि सगळे पहारेकरी नुसत्या आमटीवर उभे आहेत. त्यांच्या मिशांना तर कुणी हसलंही नव्हतं!"

सखोबानं डोळे मिटून घेतले. त्याला डोळ्यांपुढं ती पाण्याची घागरच दिसू लागली.

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे गडगडाट करून हसले की देवडीवरचे पहारेकरी आत धावत आले.

"हिनं चवळी वाटली, हिनं नानकटाई वाटली," महाराज डोळे पुसत म्हणाले, "आणि शेवटी लाज वाटली ती मला! उठवली पीठबंदी! सखोबा, तुझ्या भट्टीला लागेल तेवढं लाकूड यापुढं सरकारी रानातून येईल. ती विझता कामा नये! आणि ठकू, तुला काय हवं ते माग."

"आमचं जातं परत द्या, महाराज."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते जड आहे हो! वाटेत त्याला कारभारीसाहेबांचा हात लागला, तर मला बरं वाटेल!"