दर उतरवू की नको

"दर उतरवू की नको, एवढंच सांगा बुवा. दुसरं काही विचारत नाही."

विद्याधर खातूंनी हे विचारलं ते उभ्याउभ्याच. देवळाच्या पडवीत बसायला जागा होती, पण कडक इस्त्रीच्या लेंग्याला माती लागली असती.

बुवा पेज पीत होते. त्यांनी मान वर केली, माणूस पाहिला आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली.

या बुवांचं खरं नाव नांदवेळ गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना पाहुणेबुवा म्हणायचे. जन्मभर दुसऱ्याच्या घरी उतरलेला माणूस! इनामदाराचा दिवाणखाना म्हणू नका, धनगराची पालं म्हणू नका, सगळीकडे मुक्काम झालेला. दर थंडीत किनाऱ्याला यायचे आणि एखाद्या सकाळी कुणाला न सांगता निघून जायचे. विद्याधररावांनी त्यांना गुरू केलं होतं. म्हणजे त्यांचा फोटो ऑफिसात लावला होता, चांगला फ्रेम करून. त्यांचं काही ऐकायची वेळ आजवर आली नव्हती.

"कसला दर?"

"होमस्टेचा. दिवाळीपासून बुकिंग नाही बुवा. एक नाही! मोसम ऐन भरात आणि माझ्या सगळ्या खोल्या रिकाम्या. शेजारच्या भुवडानं दर पाडला, त्याचं बघून पलीकडच्यानं पाडला. ते अ‍ॅपवाले रोज मेसेज पाठवतात, दर कमी करा, दर कमी करा. आणि घरात हिचंही तेच टुमणं."

"काय म्हणते वैजयंती?"

"म्हणते, दर उतरवा, नाहीतर घर भुवडाला चालवायला देऊन टाका. उद्या दुपारी तो उत्तर विचारायला येतोय."

विद्याधररावांचा आवाज चढला.

"माझं घर, भुवडाच्या हातात! एकेक चिरा टिचकी मारून निवडलाय मी. संध्याकाळची भाजी आहे का ती, उरली म्हणून उतरवून विकायला?"

"नाही."

"मग नकोच ना उतरवू?"

"तसं कुठे म्हणालो..." बुवांनी वाटी विसळली. "आज मला ठेवशील?"

विद्याधरराव बघतच राहिले. गावातले बडे बडे लोक बुवांना घरी बोलवून थकले होते, आणि बुवा आपण होऊन त्यांच्याकडे येतो म्हणत होते. देवळापासून घरापर्यंत ते अशा ऐटीत चालले की वाटेत भेटलेल्या दोघातिघांना विचारावंच लागलं, काय हो, आज स्वारी खुशीत?

आता खरं सांगायचं तर घर होतंच तसं. आरशासारखा कोबा, फणसाच्या लाकडाचे पलंग, खिडकीतून सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. उगाच नावं कशाला ठेवा? माणसानं गर्व करावा असंच बांधलं होतं.

"या बुवा, या. तेवढे पाय... हां, त्या नळावर. आणि मग या पुसण्यावर. नाही, या दुसऱ्यावर."

बुवांनी पाय धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

वरच्या खोलीत आल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला.

"बुवा, भिंत तेवढी... पांढरी आहे ना."

बुवांनी हात काढला.

ते पलंगावर बसायला वाकले, तेवढ्यात विद्याधरराव धावले. "एक मिनिट! चादर आत्ताच घातलीय. खाली हे अंथरतो."

बुवा सरळ झाले आणि उभे राहिले.

खालून वैजयंतीबाईंनी हाक मारली, "अहो, बुवांचं ताट वरच आणू का?"

"वर नको! हळद सांडली तर कोब्यातून निघते का ती?" विद्याधररावांनी खाली ओरडून सांगितलं, आणि बुवांकडे वळून समजुतीनं म्हणाले, "नियम म्हणजे नियम बुवा. तुम्हालाही आणि राजालाही. मागे एका बाईनं लिहिलं होतं, घर अगदी देवळासारखं आहे म्हणून. ऊर भरून आला माझा."

"पुन्हा आली होती का ती?"

"अं? नाही... नाही आली."

शेजारून कलकलाट ऐकू आला. भुवडाच्या घरी चार कुटुंबं उतरली होती. दोरीवर ओल्या चड्ड्या वाळत होत्या, पायऱ्यांवर वाळूच वाळू, आणि कुणीतरी बाई सरळ भुवडाच्या स्वयंपाकघरात शिरून चहात आलं घालू का म्हणून विचारत होती.

"बघा, बघा काय अवकळा!" विद्याधरराव खिडकीशी आले. "पुण्याचे कुणी लोक दरवर्षी येतात त्याच्याकडे. त्यांनी पोरांची उंची मोजून दाराच्या चौकटीवर रेघा मारल्यात. चांगल्या सागवानी चौकटीवर! आणि हा भुवड हसत बघत उभा. मी असतो ना, तर सामान बाहेर ठेवलं असतं."

"ठेवलंच असतंस तू," बुवा म्हणाले.

"मग! आणि अशा उकिरड्याच्या बरोबरीनं मी माझा दर लावायचा?"

बुवा खिडकीतून शेजारच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. त्यांना पटलं असंच विद्याधररावांना वाटलं, आणि ते समाधानानं खाली गेले.

सकाळी ते चहा घेऊन वर आले. मनात धाकधूक होतीच. म्हातारा माणूस, त्यात हिंडता-फिरता. काय काय मळवून ठेवलं असेल कोण जाणे.

दार लोटलं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

चादरीला सुरकुती नव्हती. उशी फुगलेली होती तशीच. टॉवेल घडीत, साबण कागदात, न्हाणीघर कोरडं ठणठणीत. पाण्याचा पेला झाकलेला होता, तो झाकलेलाच. कोब्यावर पावलाचा ठसासुद्धा नाही.

बुवा बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. घोंगडीची वळकटी करून झोळीपाशी ठेवलेली.

"बुवा... इथे झोपलात?"

"हो."

एखाद्याला वाईट वाटलं असतं. विद्याधररावांना पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं वाटलं! त्यांनी पुन्हा एकदा खोलीवरून नजर फिरवली. चेहरा असा उजळला की चहाचा कप हातातच राहिला.

"वा बुवा, वा! याला म्हणतात पाहुणा! नाहीतर आमच्याकडे येतात ते... अहो, खोली पुन्हा आवरायलासुद्धा नको."

"आवडलं तुला?"

"आवडलं काय विचारता! आवाज नाही, डाग नाही, कसली मागणी नाही. रात्रभर घरात कुणी आहे याचा पत्ता नाही. असे पाहुणे आले ना बुवा, तर मी भुवडाला तोंड वर करून सांगेन, जा, नाही देत घर!"

"आणि दर?"

"दर?" विद्याधरराव खळखळून हसले. आपल्या घराला साजेसा माणूस अखेर भेटला होता, आणि तोही प्रत्यक्ष गुरू. "अहो, अशांना कसला दर लावता? असल्या पाहुण्यांना मी वर्षभर ठेवून घेईन. फुकट ठेवीन, फुकट!"

वैजयंतीबाई जिन्याखाली येऊन उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

बुवा उठले. झोळी खांद्याला अडकवली आणि एक पायरी उतरून थांबले.

"तेच तर करतोयस, विद्याधर... दिवाळीपासून तुझं घर तसल्याच पाहुण्यांनी भरलंय."