पॅकार्डची मागची सीट

"मग सांगा ना उस्ताद, हिच्यात काय कमी आहे?"

सुकुमार मगदूमने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर मिस्त्री गाडीभोवती सावकाश फिरत होते.

मिरजेबाहेर, त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर ती उभी होती. १९३७ सालची अमेरिकन पॅकार्ड, बारा सिलिंडरची. लांबलचक काळं बॉनेट, आणि त्याच्या टोकाला पंख पसरलेला पक्षी. सुकुमारने ती इचलकरंजीहून ट्रकवर चढवून आणली होती. चाकांना धूळ लागू नये म्हणून.

मिस्त्रींचं वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी ते एका लहानशा संस्थानिकाच्या मोटारखान्यात होते. सुकुमार त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकला, मग त्याने यंत्रमाग टाकले, मोठा झाला. ही गाडी त्याला एका गोदामात गंजलेली सापडली होती. मागची सीट तेवढी जशीच्या तशी होती. बाकी सगळं उभं करायला अकरा वर्षं लागली.

रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. पहिला नंबर आपलाच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्याआधी एकदा उस्तादांच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

"चालू कर," मिस्त्री म्हणाले.

सुकुमारने बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी हातातला चहाचा भरलेला ग्लास चालत्या इंजिनावर ठेवला आणि वाकून पाहिलं. चहावर तरंग उठला नाही.

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"वा..."

मग म्हणाले, "अकरा वर्षं वाया नाही घालवलीस. जीव लावावा अशीच आहे ही."

सुकुमारची मान ताठ झाली.

"मागं कोण बसतं?"

"मागे? कोणीच नाही. मूळचं कापड आहे ते, उस्ताद. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं."

"आणि आबा?"

आबा म्हणजे सुकुमारचे वडील. सतराव्या वर्षी त्यांनी कृष्णेच्या वाळूत रुतलेली अशीच एक मोटार आपल्या बैलजोडीने ओढून काढली होती. काच क्षणभर खाली झाली, आतली करडी सीट दिसली, आणि मोटार निघून गेली. ही गोष्ट सुकुमार लहानपणापासून ऐकत आला होता. गाडी घेतली होती ती त्या गोष्टीपायी.

"आबा आता अंथरुणावर असतात. त्र्याण्णव पूर्ण झाली. फोटो दाखवलेत मी त्यांना."

"फोटो."

"त्यांना आता लघवी आवरत नाही, उस्ताद. कधी होतं ते कळतही नाही. मग त्या सीटवर कसं..."

मिस्त्रींनी मागचं दार उघडलं. त्यांच्या लुंगीला सकाळपासूनचं ग्रीस लागलेलं होतं. ते आत चढले आणि सीटच्या मधोमध ऐसपैस बसले.

"उस्ताद!"

मिस्त्री बसून राहिले. उतरले तेव्हा करड्या कापडावर पंजाएवढा काळा डाग होता.

"हे काय केलंत तुम्ही?" सुकुमारचा आवाज चिरकला. "दुसरा कोणी असता तर..."

"तर?"

सुकुमार तिथेच एका टायरवर खाली बसला.

"निघेल का हा?"

"नाही. घासलास तर कापड फाटेल."

"मग आता कसली भीती राहिली?" मिस्त्रींनीच विचारलं.

शेवटी सुकुमार उठला, ट्रकवाल्याला म्हणाला, "तू रिकामाच जा," आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. इतक्या वर्षांत ती गाडी पहिल्यांदाच रस्त्याला लागली.

शनिवारी तो परत आला. बॉनेटवर धुळीचा थर होता. पक्ष्याच्या पंखांवरसुद्धा.

"आबांना दोघांनी उचलून बसवलं," तो सांगू लागला. "कृष्णेवर नेलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तिथं पोचल्यावर म्हणाले, काच खाली कर. मी केली. बघत बसले... मग म्हणाले, आतनं नदी वेगळीच दिसते की रे."

"मग?"

"मग झोपले तिथंच. तास-दीड तास. मी गाडी हलवली नाही."

सुकुमारने बॉनेटवरच्या धुळीत बोट फिरवलं.

"सीट भिजली, उस्ताद."

"हं."

"मला वाटलं होतं, पोटात तुटेल. पण..." त्याने मान हलवली. "काहीच नाही झालं. मी त्यांचे पाय धरून बसलो होतो."

रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला.

"उद्या प्रदर्शन आहे," सुकुमार म्हणाला. "परीक्षक आधी आतलं कापडच बघतात. जाऊ की नको?"

"जा की."

"पण मग त्या सीटचं काय करू?"

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं.

"तिथं मागचं दार उघडंच ठेव."