राखेत निजलेली कानस

एका राज्यात सुकेतू नावाचा तरुण राजा होता. आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, इरावतीनं, त्याला वाढवलं. त्याच राज्यात तमोध्वज नावाचा मांत्रिक होता. दरबारात मान मिळेना म्हणून त्याचं डोकं फिरलं, आणि मरता मरता त्यानं राजावर एक वेल सोडली. मेल्याला दुसरं काही सुचलं नाही. वेल सिंहासनासकट राजाला गुंडाळू लागली. रोज एक वेढा वाढे. तलवारी बोथट झाल्या, कुऱ्हाडी थकल्या. राजा गेला तर राज्य बुडेल म्हणून प्रधान रडत होता. इरावतीला राज्याचं काही पडलं नव्हतं, तिला भाऊ हवा होता.

महालाच्या कौलांवर एक साळुंकी बसे, तोंडाची भारी फटकळ.

"रडून वेल सुटते का?" ती प्रधानाला म्हणाली, मग इरावतीकडे वळली. "डोंगरातल्या शापित खजिन्यात तीन जुन्या कानशी आहेत. शंभर वर्षं त्यांनी लोखंड खाल्लंय. त्यांच्याच पोलादाची सुरी ही वेल कापील. पण सोन्याला शिवशील तर दगड होशील."

इरावती गेली. सोन्याकडे ढुंकूनही न पाहता कानशी घेऊन आली. मांत्रिकाच्या नजरेनं तिन्ही वाकल्या होत्या, तेव्हा आधी त्या सरळ करणं आलं.

राजलोहार म्हाळोजी हाताचा कसबी, पण घायकुता. त्यानं पहिली कानस थंडच ऐरणीवर ठेवली आणि घाव घातला. पापडासारखे तुकडे झाले.

"तापवायला हवी होती," तो म्हणाला. बैल गेला नि झोपा केला.

दुसरी त्यानं लालबुंद तापवली. आता त्या राज्यातल्या लोहारांची रीत अशी, की भट्टीतून काढलेलं लोखंड पाणी पाजल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. दारी आलेल्याला तहानलेलं धाडू नये, तसंच हे. म्हाळोजीनं रीत पाळली, लाल कानस पाण्यात बुडवली, मग घाव घातला. तीही मोडली.

तोवर वेल राजाच्या गळ्याशी पोचली होती. तिसरी कानस इरावतीनं छातीशी धरली, काही केल्या देईना.

साळुंकी भात्यावर येऊन बसली. "म्हाळोजी, मागे तुझा विळा निखाऱ्यात पडून राहिला, राखेतच निवला. म्हशीचा पाय पडला तेव्हा काय झालं?"

"वाकला," म्हाळोजी म्हणाला. "मोडला नाही."

"मग?"

म्हाळोजी हात जोडून म्हणाला, "ताईसाहेब, माझ्या आज्यानं कधी लोखंड तहानलेलं ठेवलं नाही. हे पाप माझ्या हातून होणार नाही."

"मग माझ्या हातून होऊ द्या," इरावती म्हणाली. "पाप लागलं तर मला लागेल. भाऊ माझा आहे."

तिनं भाता ओढला. कानस उगवत्या सूर्यासारखी लाल झाली तशी तिनं ती सांडशीनं उचलली आणि गरम राखेच्या ढिगात खोल पुरली. वाट पाहणं फार कठीण गेलं. दोनदा तिचा हात राखेकडे गेला, दोनदा साळुंकीनं चोच मारली. राख आपसूक निवली तेव्हाच कानस निघाली. पोलाद मऊ झालं होतं. म्हाळोजीनं कडेवरून डोळा लावत, लाकडी मोगरीनं हलके ठोकत ती सरळ केली. सहाणेवर दाते घासले, पात्याचा आकार दिला. मग पुन्हा लाल करून तेल पाजलं आणि मंद आचेवर गव्हाळ रंग येईतो शेकलं. सुरी झाली.

सुरीपुढे वेल काकडीसारखी कापली जाऊ लागली. शेवटचा वेढा गळ्यात रुतलेला. खाली भावाची शीर उडत होती. इरावतीनं सुरी मागे घेतली.

"ताई, काप," राजा पुटपुटला. "तुझ्या हाताची मला भीती नाही."

तिनं कापलं. वेलीची माती झाली, वेशीची दारं उघडली, दरबार भरला. सिंहासन मात्र दिवसभर रिकामंच होतं. राजा पायरीवर बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, आणि इतके दिवस न रडलेली इरावती त्याच्या केसांतली माती काढत मनमोकळं रडत होती. तिचं माणूस तिला मिळालं, तसं ज्याचं त्याला मिळो.