येसूचा चेहरा

"पण मास्तर, तुम्हाला चेहरा काढता येत होता. मग येसूला चेहरा का नाही?"

लोटलीकर मास्तर पडवीत बसून ब्रश धूत होते. त्यांनी ब्रश पाण्यात फिरवला, खांद्यावरच्या पंच्याला पुसला आणि मगच वर पाहिलं.

"बस तरी गो. आल्या आल्या भांडायला लागलीस."

हेमांगी बसली. पण प्रश्न तिने मागे घेतला नाही.

वेंगुर्ल्याच्या शाळेत ती या मास्तरांच्या हाताखाली चित्रं काढायला शिकली होती. आता ती मुंबईला कलेच्या महाविद्यालयात शिकवत होती. चित्रांवर लिहायची, आणि असं लिहायची की भलेभले चित्रकार तिचा लेख आधी चोरून वाचत आणि मग उघडपणे. आपली नजर चुकत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते लपवायची तिला गरजही वाटत नसे.

सध्या ती 'येसूची भटकंती'वर पुस्तक लिहीत होती.

येसू म्हणजे गोष्टीतली एक मुलगी. नदी कुठून येते ते बघायला ती घरातून निघते, सोबत टिकली नावाची काळी बकरी. प्रत्येक पुस्तकात नवं गाव, नवी फजिती, आणि शेवटच्या पुस्तकात परत घर. तीन पिढ्यांनी ही पुस्तकं वाचली. शब्द तेच राहिले, चित्रं मात्र तीनदा बदलली. पहिली चित्रं रामनाथ शेणव्यांची. मधली लोटलीकर मास्तरांची. शेवटची मेहरू दस्तूर या बाईंची.

या तिघांना शेजारी शेजारी ठेवून हेमांगी तोलत होती. दोघांचं वजन तिला चटकन कळलं होतं. काटा अडला होता तो मधल्यापाशी.

"आधी त्या दोघांचं सांग," मास्तर म्हणाले. "माझं मागाहून."

ती खुलली. बोलायला लागली की तिचे हात हवेत चित्रं काढत.

"होडीचा प्रसंग घ्या. गोष्टीत दोनच वाक्यं आहेत. 'होडी गेली. येसू काठावर उभी राहिली.' शेणवी काय करतात? दोर, वल्ही, पाण्यातली एकेक लाट... सगळं टाकाच्या बारीक रेघांनी विणलंय. सावलीसुद्धा शाई भरून काढत नाहीत, रेघा दाट करत जातात. आणि त्यांच्या येसूचे पाय बघा, कायम जमिनीत रुतलेले. ही मुलगी हलायची नाही. होडीनेच परत यायला हवं."

"आणि दस्तूरबाई?"

"त्यांच्या येसूचे पाय जमिनीला लागतच नाहीत! होडी गेली तर ती हवेत उडी मारून हाका घालतेय. रेघ जाड, रंग सपाट, मागे भला मोठा केशरी सूर्य. वाक्यात उभी राहिली म्हटलंय, पण बाईंनी तिला उभी राहू दिलेली नाही."

"सूर्य कुठे आहे?"

"मागे, नदीपलीकडे."

"नीट बघ."

हेमांगीने पिशवीतून दस्तूरबाईंची आवृत्ती काढली. पान उघडलं. सूर्य नदीपलीकडे नव्हताच. तो अलीकडच्या काठावर होता, येसूच्या पाठीशी, झाडाच्याही पुढे.

"अय्या..." ती म्हणाली आणि हसली. "हे चुकलंय की मुद्दाम?"

"मला काय ठाऊक? पण मी पाहिला तेव्हा मला तिचा हेवा वाटला. सूर्य असा उचलून अलीकडे आणायची माझी छाती झाली नसती." मास्तरांनी हात पुढे केला. "शेणव्यांचं दे. हं. तू लाटा मोजल्यास. नावाडी कुठे बघतोय ते पाहिलंस?"

तिने पुस्तक जवळ घेतलं. होडीतला तो माणूस नखाएवढाच होता. पण त्याची मान वळलेली होती. तो येसूकडेच बघत होता. बघत होता, आणि वल्हवतही होता.

"म्हणजे त्याला माहीत होतं..." ती हळूच म्हणाली. "ती मागे राहिली हे माहीत असून तो गेला."

"गोष्टीत तसं नाही लिहिलेलं."

"नाही."

"शेणव्यांनी लिहिलंय."

दोघंही थोडा वेळ त्या इवल्याशा मानेकडे बघत राहिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याची चांगली ओळ वाचल्याचा आनंद होता. आपल्याला हे दिसलं नव्हतं, या विचाराने हेमांगीला जरा टोचलं, पण त्याहून जास्त मजा वाटली. अजून काय काय राहून गेलं असेल?

"आता माझं सांग."

तिचे हात खाली आले.

हेच सांगायला ती आली होती. छापून आल्यावर त्यांनी ते वाचावं, हे तिला बरं वाटत नव्हतं. तिने कागद काढला, घसा साफ केला आणि वाचलं.

"'लोटलीकरांची येसू अपुरी आहे. तिला चेहरा नाही, नुसता रिकामा गोल आहे. चित्रकाराला तो चेहरा सापडलेला नाही.'"

अंगणात माडाची झावळी सळसळली.

"वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले.

"मास्तर..."

"आणि खरं आहे."

ते रागावतील, वाद घालतील, निदान हसण्यावारी नेतील, अशी तिची तयारी होती. या कबुलीची नव्हती.

"पण माझा विश्वास बसत नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "म्हणून तर इतक्या लांब आले. माझे बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एक फोटो नव्हता. तुम्ही आठवणीने त्यांचं चित्र काढून आणलंत. आईने ते बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. ते घरात आल्यावर घ्यायची तसा. तो माणूस तुम्ही दोनचारदाच पाहिला होता. आणि येसूचा एक चेहरा तुम्हाला सापडला नाही?"

"तुझ्या बाबांना मी पाहिलं होतं."

"म्हणजे?"

"येसूला नाही पाहिलं."

"शेणव्यांनी तरी कुठे पाहिलं होतं?"

"त्यांना दिसली असेल. मला नाही दिसली." मास्तरांनी ब्रश डब्यात उभे केले. "काढले गो चेहरे. खूप काढले. दर वेळी कागदावर कुणाची तरी पोर यायची. कधी शेजारच्या न्हाव्याची मुलगी, कधी माझी धाकटी बहीण. एकदा तर तूच आलीस, दोन वेण्या घालून. येसू काही येईना. छापखान्याचा माणूस इथेच बसून राहिला होता, चित्रं घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणून. तेव्हा होतं तसं दिलं. गोल तेवढा ठेवला. पुस्तक आलं त्या दिवशी लाजेने बाजारात गेलो नाही."

हे इतकं साधं असेल, असं हेमांगीला वाटलं नव्हतं. काहीतरी विचार असेल, काही भूमिका असेल, आपण ती शोधून काढू, अशा आशेने ती आली होती. इथे तर नुसती हार होती.

"माझी चित्रं तू कुठे पाहिलीस?" मास्तरांनी विचारलं.

"प्रकाशकांच्या कपाटात. कोऱ्या प्रती आहेत तिथे, पानसुद्धा दुमडलेलं नाही."

मास्तरांनी हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे सुतळीने बांधलेले जुन्या पुस्तकांचे गठ्ठे होते. गावोगावच्या वाचनालयांतून फाटकी म्हणून काढून टाकलेली पुस्तकं, ओळखीची माणसं त्यांना आणून देत.

"ती बघ. तिन्हींची आहेत."

तिने सुतळी सोडली. शेणव्यांची एक प्रत उघडली. तेलाचे डाग, कोपरे कुरतडलेले, पण चित्रं जशीच्या तशी. दस्तूरबाईंची उघडली. शिवण सुटलेली, एक पान गायब, चित्रं जशीच्या तशी.

मग तिने मधली आवृत्ती उघडली.

होडीच्या पानावर येसूला चष्मा होता.

पेन्सिलीचा, वाकडा, एक काच मोठी आणि एक लहान. चष्म्याखाली दोन दात पडलेलं हसू.

"शी! कुणी केलं हे?"

मास्तरांनी खांदे उडवले.

तिने पान उलटलं. इथे नाकात चमकी, कपाळावर गोंदण. पुढच्या पानावर भुवया इतक्या रागीट की कागद फाटला होता. दुसरी प्रत काढली. तिच्यात येसूच्या गालावर देवीचे व्रण होते, अगदी मन लावून, एकेक ठिपका. तिसऱ्या प्रतीत कुणीतरी तिला मिशा काढल्या होत्या आणि दुसऱ्या कुणीतरी त्या खोडून खाली लिहिलं होतं, 'ही मुलगी आहे.'

"मुलांनी पार वाट लावलीय," हेमांगी म्हणाली.

"हो."

पण तिचा हात थांबेना. ती आता जमिनीवर मांडी घालून बसली होती, साडीला धूळ लागतेय याचं भान तिला नव्हतं. टिकली हरवते त्या पानावर तिला एकाच गोलात दोन चेहरे सापडले. आधी कुणीतरी मोठमोठे अश्रू काढले होते. नंतर दुसऱ्या हाताने ते पुसले होते आणि त्यांच्यावर हसरं तोंड बसवलं होतं. पुसलेले अश्रू कागदावर अजून उमटलेले दिसत होते.

त्या पानापाशी ती बराच वेळ थांबली. विहिरीच्या काठावर बसलेली एक मुलगी. एका मुलाने तिला रडवली. दुसऱ्याला ते बघवलं नाही.

"मास्तर, शेणव्यांच्या पुस्तकाला कुणी हात लावलेला नाही."

"कोण लावेल? किती सुंदर आहे ते."

"तुम्हाला माहीत होतं, मुलं असं करतील?"

"छे. अशी पहिली फाटकी प्रत हातात आली तेव्हा मला वाटलं, मुलं माझी चूक दुरुस्त करतायत." ते हसले. "मास्तर मी, आणि पेन्सिल त्यांची."

हेमांगीने आपला कागद पुढे ओढला. पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्या वाक्यावर रेघ मारायला घेतली.

मास्तरांचा हात आला. त्यांनी तिचं मनगट धरलं, लहानपणी चुकीच्या रेघेआधी धरायचे तसंच.

"खोडू नको."

"पण हे खोटं आहे!"

"खरं आहे ते. मला सापडला नव्हता."

"मग हे सगळं?" तिने समोर पसरलेल्या पुस्तकांवरून हात फिरवला. इतके चेहरे तिच्याकडे बघत होते, चष्म्यातले, मिशांतले, व्रणांतले.

"हेही खरं आहे."

"दोन्ही कसं लिहू मी?"

मास्तरांनी मनगट सोडलं. "ते तू शिकलेली आहेस. मी फक्त चित्रं काढतो."

तिने पेनाला टोपण लावलं. वाक्य कागदावर राहिलं. त्याच्यापुढे अर्धं पान कोरं होतं आणि त्यावर काय लिहायचं ते तिला कळत नव्हतं. गंमत म्हणजे त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. कित्येक दिवसांत एखादी गोष्ट तिला अशी कळेनाशी झाली नव्हती.

ती पुन्हा पुस्तकांकडे वळली. आता शेवटचा भाग तेवढा राहिला होता. त्यातलं अगदी शेवटचं चित्र. वर एकच वाक्य, 'येसू घरी आली.' उंबरठा, उघडं दार, आत चुलीचा उजेड. दारात येसू उभी, तोंड वाचणाऱ्याकडे.

गोल रिकामा होता.

तिने दुसरी प्रत उघडली. रिकामा. तिसरी. ही तर अशा मुलाची होती, ज्याने आधीच्या पानांवर दगडांनासुद्धा डोळे काढले होते, बकरीला टोपी घातली होती, नदीला मिशा काढल्या होत्या. इथे मात्र काही नाही. उंबरठ्याला पेन्सिलीचं टोक लागल्याचा एक ठिपका तेवढा होता.

ती पुस्तक घेऊन उजेडात गेली. पान तिरपं धरलं. खोडल्याची खूण असेल म्हणून बोटाने चाचपून पाहिलं. कागद गुळगुळीत होता.

गठ्ठ्यात जितक्या प्रती होत्या तितक्या तिने काढल्या. वेगळी गावं, वेगळे शिक्के, वेगळे हात. एकमेकांना कधी न भेटलेली मुलं. आणि सगळ्यांनी हा एक चेहरा सोडून दिला होता.

"मास्तर, इकडे या."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"इथे कुणीच काढलेला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "सगळीकडे काढला. इथे का नाही?"

मास्तरांनी चष्मा लावला. ते चित्र हातात घेतलं. दुसऱ्या कुणाचं असावं तसं ते बघत राहिले, किती तरी वेळ... दाराकडे, उजेडाकडे, त्या गोलाकडे.

"ते मला कळलं असतं गो," ते म्हणाले, "तर मी चेहरा काढला असता."